होपची खुर्ची, एक्स्पेक्टची खुर्ची

सन्माननीय अध्यक्षमहोदय, ज्यांच्या हातातली सुरी आमच्या घराण्याने फार जवळून पाहिली आहे असे व्यासपीठावरील शल्यविशारद, रुग्णालयाच्या मेट्रनबाई, दुभाषा विभागातली सगळी मंडळी, पहिल्या रांगेत बसलेले आमचे तीर्थरूप, आणि समोर जमलेल्या रसिक बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना माझं सविनय वंदन. रुग्णालयात जमलेल्यांना 'रसिक' म्हणावं की नाही याबद्दल मला शंका आहे. पण तो शब्द उच्चारल्याशिवाय माझ्या पिढीच्या वक्त्याचा घसा मोकळा होत नाही. आपण सांभाळून घ्यावं.

सत्कारमूर्तींचा उल्लेख मी संबोधनात केला नाही, हे काही चाणाक्ष श्रोत्यांच्या ध्यानात आलं असेल. तशी आमच्यात पद्धत नाही. मी त्यांना 'अगं' म्हणतो, त्या मला 'अहो' म्हणतात, आणि वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन शब्दांत केवढं अंतर असू शकतं याचा पहिला पाठ मला तिथेच मिळाला. 'अहो' हा आदरार्थी शब्द आहे असा माझा लग्नाआधी समज होता.

नवऱ्यानं बायकोच्या निरोप समारंभात बोलावं हे औचित्याला धरून नाही. पत्रकार म्हणून मी असल्या समारंभांच्या बातम्या पुष्कळ दिल्या आहेत, आणि 'पतीनेही मनोगत व्यक्त केले' हे वाक्य नेहमी शेवटून दुसरं टाकलं आहे. पण आज इथे बोलणार होते ते आमचे तात्या, म्हणजे माझे वडील. त्यांचा आवाज आता पहिल्या रांगेच्या पुढे जात नाही, म्हणून ही जबाबदारी माझ्यावर आली. तो का जात नाही, हीच माझी आजची गोष्ट आहे.

व्यासपीठाच्या कडेला हार घातलेल्या दोन रिकाम्या खुर्च्या आपल्याला दिसत असतील. पाहुणे आले नाहीत म्हणून त्या रिकाम्या राहिल्या, असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. एकीवर निळी उशी आहे, दुसरीवर तपकिरी. सत्कारमूर्तींच्या, म्हणजे बाईंच्या, खोलीतून त्या आज मुद्दाम उचलून आणल्या आहेत. मी आयुष्यभर राजकारणाच्या बातम्या लिहिल्या, त्यामुळे खुर्ची ओढणारी, खुर्चीला चिकटणारी, दुसऱ्याच्या खुर्चीखाली सुरुंग लावणारी माणसं मी भरपूर पाहिली. आपण नेमकं कुठल्या खुर्चीत बसायचं याचा विचार करत उभी राहिलेली माणसं मात्र मी फक्त या रुग्णालयात पाहिली.

नव्या मंडळींना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. इथले डॉक्टर इंग्रजीत बोलतात, आणि बरेचसे रोगी आपल्यासारखे मराठीत कण्हतात. मधला पूल म्हणजे दुभाषा विभाग. बाई तिथे रुजू झाल्या, त्यानंतर काही दिवसांतच एक रंगारी आला. शिडीवरून पडला होता. का पडलास, तर म्हणे चक्कर आली. आता ही 'चक्कर' इंग्रजीत न्यायची कशी? डिझी म्हटलं तर डॉक्टर कान तपासणार, फेंट म्हटलं तर हृदय. रंगाऱ्याला विचारावं, तर तो बिचारा प्रत्येक प्रश्नाला 'हो बाई' म्हणे. मोठ्या माणसांपुढे नाही कसं म्हणायचं, ही त्याची अडचण.

बाईंनी दोन खुर्च्या ओढल्या. म्हणाल्या, दादा, या खुर्चीत बसलात तर तुम्ही जागेवर आहात आणि भिंत फिरतेय. त्या खुर्चीत बसलात तर भिंत जागेवर आहे आणि तुम्ही दिव्यासारखे विझत चालला आहात. आता मला काही सांगू नका, नुसतं बसा. रंगारी पहिल्या खुर्चीत बसला, मान हलवून उठला, दुसरीत जाऊन बसला आणि म्हणाला, "ही माझी." त्याला हृदयाच्या डॉक्टरांकडे धाडलं, आणि ते योग्य झालं.

माणसाची जीभ भिडेपोटी काहीही कबूल करते. बूड भिडेला जुमानत नाही. हा सिद्धांत माझा नाही, सत्कारमूर्तींचा आहे. शब्दही त्यांचाच आहे, क्षमस्व.

तेव्हापासून ती रीतच झाली. वीक आणि टायर्ड: इच्छा आहे पण अंगात बळ नाही, तो इकडे; बळ आहे पण उठावंसं वाटत नाही, तो तिकडे. नंबनेस आणि टिंगलिंग: हात बधिर झालाय, की मुंग्या आल्यात? अलोन आणि लोन्ली यांच्यावरून तर एका निवृत्त पोस्टमनने विभागात दंगा केला होता. घरी एकटाच राहतो असं तो म्हणाल्यावर नर्सने सहानुभूतीने लोन्लीच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. तो गृहस्थ उसळून म्हणाला, आयुष्यभर लोकांची दारं वाजवली, आता माझं दार कुणी वाजवत नाही याच्याइतकं सुख नाही, मला त्या खुर्चीत कशाला बसवता. बाईंनी त्यांना चहा पाजला आणि अलोनच्या खुर्चीत सन्मानानं बसवलं.

यातली एकही व्यक्ती मला नावानं ठाऊक नाही. बाईंनी रुग्णालयातून कधी माणूस घरी आणला नाही, शब्द तेवढे आणले. जेवताना भात कालवता कालवता म्हणत, आज वरी आणि फिअर यांची गल्लत झाली होती, सोडवली. आणि समोर बसलेले तात्या घास हातात धरून हसत.

तात्यांविषयी सांगायला हवं. ते शाळेत संस्कृत शिकवायचे, आणि शाळा सुटल्यावर मला. पाण्याची नावं सांग म्हणाले की मी जल, नीर, उदक, तोय अशी माळ ओवायला लागायचो. माळ संपली की ते विचारायचे, "यातलं तहान लागल्यावर कुठलं मागशील?" मी पुन्हा जलपासून सुरुवात करायचो. ते म्हणायचे, मग पाठ कशाला केलीस, पर्यायी शब्द असा जगात नसतोच, प्रत्येक शब्द आपलं घर धरून असतो. एवढा बारीक विचार करणारा माणूस. परंतु हा विचार फक्त संस्कृताला लागू आहे अशी त्यांची नम्र समजूत होती. सूनबाईंच्या कामाविषयी त्यांचं मत फारसं उंच नव्हतं. "खुर्च्या मांडायचा पगार देतात का हो तुम्हाला? आमच्या शाळेत ते काम शिपाई करायचा." आणि इंग्रजीबद्दल तर, "ज्या भाषेत काका, मामा, आत्याचा नवरा, मावशीचा नवरा, सगळे एकाच पोत्यात भरलेत, तिच्यात बारकावे शोधता?"

यावर बाई शांतपणे म्हणाल्या होत्या, "नात्यांत ते गरीब असतील तात्या, पण भीतीत श्रीमंत आहेत." आणि वरी, फिअर, ड्रेड, पॅनिक असे चार शब्द बोटांवर मोजून त्यांनी आमटी वाढली. तात्या हसले नाहीत. पण त्यांनी आमटी परत मागून घेतली, यावरून मुद्दा पटला असावा.

मग तात्यांचा आवाज बसला. पहिल्यांदा आम्हाला बरंच वाटलं, घर जरा शांत झालं. महिना गेला तरी सुटेना, तेव्हा त्यांना इथे आणलं. तपासण्या झाल्या. घशात गाठ होती.

आता या विभागाचा नियम असा आहे, आणि तो योग्यच आहे, की आपल्या नातेवाइकाचं दुभाषेपण आपण करायचं नाही. माया मध्ये येते. म्हणून बाई बाहेर बसल्या आणि त्यांचे धाकटे सहकारी आत गेले. ते आज सूत्रसंचालन करताहेत. त्यांची परवानगी घेऊनच मी हे सांगतोय. अतिशय हुशार आणि त्याहून मायाळू माणूस. मीही आत होतो. डॉक्टर बोलले, सहकाऱ्यांनी मराठीत सांगितलं, की शस्त्रक्रियेनं गाठ जाईल, आवाजही परत येईल, आजोबा, काही काळजी करू नका. तात्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं, "डॉक्टर पहिलं वाक्य माझ्याकडे बघून बोलले आणि दुसरं टेबलाकडे बघून. तुमच्या मराठीत दोन्ही सारखीच गोड कशी झाली?"

तात्या उठले, टोपी घातली आणि दारात जाऊन म्हणाले, "या मुलाला माझी दया आली. सूनबाईंना आणा. सून सासऱ्याला दया दाखवणार नाही, यावर माझा पूर्ण विश्वास आहे."

नियम मोडायला वरून परवानगी लागली. अध्यक्षमहोदय, ती आपणच दिलीत, सहकाऱ्यांनी शेजारी बसून प्रत्येक वाक्याची साक्ष ठेवायची या अटीवर. तो दिवस ठरला, आणि आदल्या दुपारी माझी धाकटी बहीण घरी आली. तिनं वहिनीला स्वयंपाकघरात गाठलं. मी बाहेर वर्तमानपत्र वाचत होतो, म्हणजे ऐकत होतो. बहीण म्हणाली, डॉक्टर काही का म्हणेनात, तू आवाज येणारच असं सांग. आवाज जाईल म्हटलं तर ते शस्त्रक्रिया करून घेणार नाहीत, आणि गाठ काही थांबायची नाही. एका शब्दानं माणूस वाचत असेल, तर तेवढा शब्द इकडचा तिकडे केला म्हणून काय बिघडतं?

प्रश्न खोटा नव्हता, हे मी आज इथे मुद्दाम सांगतो. तात्या हट्टी होते. आवाज हे त्यांचं सर्वस्व होतं. पहाटे मागच्या खोलीत त्यांचं पाठांतर सुरू झालं की शेजारचे लोक घड्याळं लावत. आवाज जाण्याचा धोका कळला तर हा माणूस 'आहे तसं राहू द्या' म्हणेल, ही भीती मलाही होती, बाईंनाही होती.

बाई म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही सांगा खोटं. तुमचे ते वडील आहेत. उद्या माझे ते पेशंट आहेत."

बहीण रडली. बाईंनी तिला जवळ घेतलं, पण शब्द काही इकडचा तिकडे केला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच खोलीत. या दोन खुर्च्या तिथे नेहमीच्या जागी होत्या. निळी खिडकीपाशी, तपकिरी दारापाशी. खोलीत आणखी कितीही जोड्या येवोत-जावोत, या दोघींची एक जोडी मात्र कायमची ठरलेली. निळी होपची, तपकिरी एक्स्पेक्टची. मराठीत आपण दोन्हींना सर्रास 'अपेक्षा आहे' म्हणून मोकळे होतो. बाई नव्या लोकांना सांगायच्या, आशा खिडकीतून बाहेर बघत बसते, म्हणून ती खिडकीशी. आणि जो येणार हे माहीतच आहे तो दारातूनच येतो, म्हणून दुसरी दाराशी.

डॉक्टरांनी बोलायला सुरुवात केली, तेव्हा बाईंनी हात वर केला. आजवर त्या खुर्च्यांत रोगी बसले होते. बाई इंग्रजीत म्हणाल्या, डॉक्टर, माझे सासरे संस्कृतचे पंडित आहेत, माझ्या शब्दावर ते विश्वास ठेवतील, पण मलाच माझ्यावर आज तितका विश्वास नाही. तेव्हा जे सांगायचं ते कृपा करून त्या त्या खुर्चीत बसून सांगा.

शल्यविशारद, तुम्ही इथे बसला आहात म्हणून तोंडावर सांगतो. दुसरा कुणी असता तर घड्याळाकडे बघून म्हणाला असता, आपल्याकडे वेळ नाही. तुम्ही उठलात. दारापाशी गेलात, तपकिरी उशीवर बसलात आणि सांगितलंत, गाठ पूर्ण निघेल. बाईंनी ते मराठीत सांगितलं. मग तुम्ही क्षणभर तिथेच बसून राहिलात. मग उठलात, खोली ओलांडून खिडकीशी आलात आणि निळ्या उशीवर बसलात. आवाजाबद्दलचं वाक्य तुम्ही तिथून बोललात, आणि तात्यांनी हात करून बाईंना थांबवलं. म्हणाले, "याचं भाषांतर नको. दिसलं."

बाईंनी मात्र नियमाप्रमाणे ते वाक्य मराठीत सांगितलंच, अगदी शेवटपर्यंत. जे बोललं गेलं ते सगळं पोचवायचं, ऐकणाऱ्याला नको असलं तरी. त्यांचा आवाज कापला नाही. मी त्यांचा नवरा आहे, मला त्यांच्या पदराचं टोक दिसत होतं. ते बोटाला घट्ट गुंडाळलेलं होतं.

तात्यांनी डॉक्टरांकडे बघून मान डोलावली आणि आम्हाला म्हणाले, "हा माणूस खरा आहे. याच्या हाती गळा द्यायला हरकत नाही."

म्हणजे आम्हा सगळ्यांना ज्याची भीती होती, ते झालं नाही. गोड शब्दाला नकार देऊन टोपी घालून निघालेला माणूस खऱ्या शब्दाला हो म्हणाला.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या त्या आठवड्यात तात्या जो काही आवाज उरला होता तो मोकळ्या हातानं उधळत होते. पहाटेचं पाठांतर दुपारीही झालं. जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावून त्यांनी वर्गात राहून गेलेल्या शिव्या दिल्या. त्यातले दोघे निवृत्त झालेले होते. फक्त सूनबाईंना उद्देशून काही बोलले नाहीत.

गाठ निघाली, पूर्ण निघाली. आवाज आला, पण कुजबुजीएवढाच. पट्टी सोडताना डॉक्टर काही दिलगिरीचं बोलू लागले, तेव्हा तात्या कुजबुजले, "तुम्ही निळ्यावर बसला होता. माझी तक्रार नाही." ती कुजबूज डॉक्टरांना इंग्रजीत सांगितली बाईंनी. आणि खरं सांगायचं तर मलाही मराठीत त्यांनीच सांगितली, कारण मला ऐकूच आलं नव्हतं.

तेव्हापासून आमच्या घरात मराठीतून मराठीत दुभाषेपण चालतं. तात्या कुजबुजतात, बाई मोठ्यानं सांगतात. त्यात माझ्याविषयी जे काही असतं तेही त्या एक अक्षर न गाळता पोचवतात, नियम म्हणजे नियम.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. अध्यक्षमहोदय, मघाशी आपल्या भाषणात आपण म्हणालात, बाईंनी यापुढेही नव्या दुभाषांना शिकवायला येत राहावं, वुई होप शी विल. टाळ्या झाल्या. बाईंनी मान खाली घातली, उत्तर दिलं नाही. आपल्याला वाटलं असेल, विनय आहे. विनय नाही. हे विचारणं त्यांच्याकडे आधीच आलं होतं आणि गेले कित्येक दिवस आमच्या घरात त्यावर शांतता आहे. मी विचारलं तर म्हणाल्या, मी इकडे आले तर दिवसा तात्यांचं बोलणं कुणाला कळणार? त्यांना पाणी हवंय की पंखा बंद हवाय, हे सांगायला माणूस नको? माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. म्हणजे उमेदवारांच्या यादीत मी नव्हतोच.

या बाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांना त्यांची खुर्ची शोधून दिली. स्वतःची वेळ आली तेव्हा मात्र त्या उभ्या आहेत. म्हणून अध्यक्षमहोदय, मी अत्यंत आदरपूर्वक विचारतो, ते वाक्य आपण कुठल्या खुर्चीतून म्हणालात?

अध्यक्ष हसताहेत. पण हसणं हे उत्तर नव्हे, हे आम्ही वार्ताहर...

क्षमा करा, मी जरा थांबतो. तात्या उठले आहेत.

मेट्रनबाई, हात देऊ नका, त्यांना आवडत नाही. मागच्या रांगांना दिसत नसेल, म्हणून धंद्याला स्मरून वार्ता देतो. तात्या पायऱ्या चढून व्यासपीठावर आले आहेत. खुर्च्यांपाशी गेले आहेत. निळ्या खुर्चीच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला आहे. थोपटल्यासारखं केलं आहे. पुढे गेले. तपकिरी खुर्चीवरचा हार काढला, मांडीवर घेतला आणि बसले.

ते काही बोलताहेत. मला ऐकू येत नाही. बाई उठून त्यांच्याजवळ वाकल्या आहेत. ध्वनिक्षेपक तिकडे द्या. बाई, नियम आपलाच आहे. जे बोललं गेलं ते सगळं, शेवटपर्यंत.

"तात्या म्हणतात... तात्या म्हणतात, धडधाकट आवाज होता तोवर मी हिच्या कामाला हसलो. आता जेवढा उरलाय त्यात सांगतो. हिनं इथे शिकवायला यायचं. मी आशा करत नाही, मी धरून चाललोय. घरी माझं बोलणं माझ्या मुलानं ऐकावं. कान त्याला देवानं दोन दिलेत, वापरात एकही नाही. आठ दिवस हिनं त्याला शिकवावं, पुढचं मी बघतो. आणि... आणि म्हणतात, खुर्च्या मांडणं हे शिपायाचं काम नाही."

सभागृहानं कृपया शांत राहावं. बाईंना अजून एक वाक्य बोलायचं आहे, आणि ते कुणाचं भाषांतर नाही.

"येईन."

ऐकलंत ना? मलाही ऐकू आलं, म्हणजे माझ्या शिक्षणाची सुरुवात बरी झाली म्हणायची.

मंडळी, यापुढे बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. ज्या घरात एक विद्वान, एक दुभाषी आणि एक वार्ताहर राहतात, तिथे अभिमान हा शब्द मोठ्यानं उच्चारायचा प्रसंग आजवर आला नव्हता. तो आज उच्चारतो. मला या बाईंचा अभिमान आहे, आणि त्याला जवळचा दुसरा शब्द मी शोधणार नाही.

अध्यक्षमहोदयांचे, शल्यविशारदांचे, नियम मोडू देणाऱ्यांचे आणि नियम पाळणाऱ्यांचे, दुभाषा विभागाचे आणि एवढा वेळ आपापल्या खुर्चीत न उठता बसलेल्या आपणा सर्वांचे मी मनापासून आभार मानतो. औचित्य सोडून घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर मांडल्या, कुठे शब्द अधिकउणा पडला असेल, त्याबद्दल आपण मला मोठ्या मनानं क्षमा कराल, हे मी त्या निळ्या उशीच्या खुर्चीतून म्हणतो. ती अजून रिकामीच आहे.